'वॉर्डरोब'ला कपाट म्हणावं का?

वाचनवेडी: सी. एस. लुईसच्या नार्निया मालिकेतलं १९५० सालचं पहिलं पुस्तक भाचीला रोज रात्री मराठी करत वाचून दाखवतेय. लूसी वॉर्डरोबमध्ये शिरते, कोट बाजूला सारत पुढे जाते आणि पलीकडे बर्फातलं रान लागतं. मी सरळ 'कपाट' म्हटलं. भाची म्हणाली, "कपाटात खण असतात, ती शिरेल कशी?" तिच्या डोळ्यांपुढे आमचं गोदरेजचं कपाट. त्यात आई म्हणाली, "कपाट म्हणजे दार गं! बद्रीनाथचे कपाट उघडतात ना?" मग काय म्हणू?

पेठकर: आईंचं बरोबर आहे. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. आपलं 'कवाड' त्यातूनच आलं. 'कपाटाचं दार' म्हणजे दाराचं दार झालं की! फडताळ म्हणा, छान जुना शब्द आहे.

सुतारपोर: फडताळ अजिबात नको. ते वाड्याच्या जाड भिंतीत असतं. आमची आजी त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवायची. त्यात शिरायला गेलं तर कपाळ भिंतीवर आपटेल. पुस्तकातलं कपाट रिकाम्या खोलीत सुटं उभं आहे, दाराला आरसा आहे. माझे वडील दाराला झडप म्हणायचे आणि अख्ख्या वस्तूला कपाट. 'कपाट करून द्या' म्हटल्यावर त्यांनी कुणाला नुसतं दार करून दिलं नाही.

पेठकर: वडिलांबद्दल आदर आहे, पण रूढ झालं म्हणून शब्दाचं मूळ विसरायचं का?

मडगाववाली: मग अलमारी म्हणा. पोर्तुगीज 'आर्मारियो'. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं शस्त्र, 'आर्मा'. आपलं 'आरमार' त्याच कुळातलं.

पेठकर: मुलांच्या गोष्टीत पोर्तुगीज कशाला?

मडगाववाली: कपाटाला चावी लावता ना? तीही पोर्तुगीजच, 'शावि'.

सुतारपोर: एक सांगायचं राहिलं. १९५५ सालच्या सहाव्या पुस्तकात या कपाटाचा जन्म आहे. नार्नियाच्या जगातून आणलेल्या सफरचंदाच्या बियांपासून लंडनमध्ये झाड उगवतं, ते वादळात पडतं आणि त्याच्या लाकडाचं हे कपाट होतं. म्हणून काहीही म्हणा, 'लाकडी' गाळू नका. भाचीच्या डोळ्यांपुढचं लोखंडी कपाटही तेवढ्यानेच हलेल.

वाचनवेडी: हे मला ठाऊक नव्हतं! आणि पेठकर, तुमचा आक्षेप मला उलट हवाहवासा वाटायला लागलाय. ज्या वस्तूतून दुसऱ्या जगात जायचं, तिच्या नावातच दार असेल तर आणखी काय हवं? इंग्रजी शब्दात ते नाही. त्यात नुसतेच कपडे सांभाळणं आहे.

पेठकर: आठ वर्षांच्या मुलीला तो अर्थ कळणार का?

वाचनवेडी: आज नाही कळला तर पुढे कळेल. पण आज रात्रीची अडचण वेगळी आहे. दार उघडताच दोन 'मॉथबॉल' खाली पडतात. पुढे पायाखाली करकरतं तेव्हा लूसीला त्याच गोळ्या वाटतात. हात लावून बघते तर गार, मऊ भुकटी. तिथे कापराच्या गोळ्या म्हणू?

सुतारपोर: डांबरगोळ्या! नॅप्थॅलीन डांबरातूनच काढतात, म्हणून तर ते नाव.

मडगाववाली: मुलांना डांबर म्हटलं की रस्ता आठवेल, काळा. गोळ्या पांढऱ्या नसतील तर बर्फाची गंमतच जाईल.

सोलापूरची सून: आमच्याकडे सगळे डांबरगोळ्याच म्हणतात आणि त्या पांढऱ्याच असतात, मुलांनाही माहीत असतं. सासूबाई मात्र रेशमी साड्यांना त्या लावू देत नाहीत, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात. गोळीने जर काळी पडते म्हणतात. खरं आहे का हे?

पेठकर: आमच्या आईने पैठणी नेहमी मलमलीत गुंडाळून ठेवली, वर्षातून दोनदा घडी मोडून.