मूसच्या शिकारीचे अनुभव : बार एकाचा, काम सगळ्यांचे

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर शिकार हा विषय आपल्यापैकी बहुतेकांसाठी आजोबांच्या गोष्टींपुरता आणि एखाद्या वाड्याच्या भिंतीवरच्या धुळकट शिंगांपुरता उरला. पण आपल्यातले कितीतरी जण आता अशा देशांत राहतात, जिथे थंडीच्या तोंडावर कचेरीतले सहकारी आणि शेजारी रजा टाकून मूस या प्रचंड हरणाच्या मागे जंगलात जातात, आणि कधीतरी आपल्यालाही सोबत येण्याचे आमंत्रण मिळते. ज्यांनी मित्रांबरोबर अशा शिकारीत भाग घेतला असेल, मग हातात बंदूक असो वा नसो, त्यांनी येथे सविस्तर लिहावे. शिकार करावी की करू नये, हा वाद महत्त्वाचा आहे, पण तो या धाग्यात नको. दुसरी विनंती अशी की शिंगांच्या रुंदीवर थांबू नका. तीन-चारशे किलोंचे जनावर पडल्यावर पुढे काय करावे लागले, ते कोणी आणि कसे केले, हे लिहिलेत तर वाचणाऱ्यांना अधिक कळेल. सुरुवात मीच करतो.

येम्टलांड, उत्तर स्वीडन

आमच्याकडे मूसचा हंगाम सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी उघडतो, दक्षिण स्वीडनमध्ये तो ऑक्टोबरमध्ये. त्या सोमवारी महत्त्वाची बैठक ठेवण्याचा विचार इकडचा अनुभवी साहेब करत नाही. शिकारीचा हक्क जमिनीला जोडलेला असल्यामुळे लगतच्या जंगलमालकांची मिळून एक टोळी असते, आणि किती मोठी जनावरे व किती पिल्ले मारता येतील हे आधीच ठरलेले असते. १९८२ साली स्वीडनमध्ये पावणेदोन लाखांच्या जवळपास मूस मारले गेले होते. आजचा आकडा त्याच्या निम्म्याहूनही खाली आहे, आणि जुनी माणसे दर शेकोटीला त्या काळाची आठवण काढल्याशिवाय राहत नाहीत.

मला टोळीत घेतले ते शिकाऱ्याची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरच. त्याआधीचा उन्हाळा आम्ही सराव-मैदानावर घालवला होता, जिथे ८० मीटरवर मूसची लाकडी आकृती रुळावरून सरकत जाते आणि तिच्यावर नेम धरावा लागतो. पहिल्या दिवशी पहाटे सगळे एका धान्याच्या कोठारापाशी जमले. प्रमुखाने बसण्याच्या जागांसाठी चिठ्ठ्या काढल्या, रेडिओ तपासले आणि नियम पुन्हा एकदा ऐकवला : मादीबरोबर पिल्लू असेल तर आधी पिल्लू, मादी नंतर, कारण आईविना राहिलेले पिल्लू हिवाळ्यात तग धरण्याची शक्यता कमी असते. ऐकायला कठोर वाटणारा हा नियम मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

माझ्या चिठ्ठीवर दलदलीच्या काठचे मचाण आले. आमच्याकडे हाका माणसांचा नसतो. येम्टहुंड जातीचा एक करडा कुत्रा मोकळा सोडला जातो, तो मूस शोधतो आणि त्याच्यासमोर भुंकत राहून त्याला जागीच अडवतो. त्याच्या गळपट्ट्यात जीपीएस असल्यामुळे तो कुठे आहे आणि मिनिटाला किती वेळा भुंकतो आहे, हे मालकाला फोनवर दिसते. भुंकण्याचा वेग एकसारखा झाला की मूस उभा आहे असे समजायचे. कुत्र्याचा मालक वाऱ्याच्या उलट दिशेने दबकत पुढे सरकत होता, तेवढ्यात वारा फिरला आणि मूस निघाला. रेडिओवर माझ्याच दिशेचा इशारा आला, छातीतली धडधड मला कानांत ऐकू येऊ लागली, आणि मूस माझ्यापासून बराच दूर, शेजारच्या मचाणासमोर बाहेर पडला. तिथे आमच्या टोळीतल्या निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. एकच बार झाला, आणि त्या नंतर रेडिओवर इतक्या शांत आवाजात बोलल्या की जणू वर्गात हजेरी घेत आहेत.

पुढचे काम अंधार पडेपर्यंत चालले. पोट उघडताना जठराला सुरी लागली तर मांस नासते, म्हणून ते काम सर्वांत जुन्या माणसाने केले आणि मी मागचा पाय धरून उभा राहिलो. नंतर चारचाकी मोटारसायकलला दोर बांधून जनावर रस्त्यापर्यंत ओढले. सोललेले धड थंड खोलीत टांगतात, आणि रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज चाळीस होईपर्यंत टांगून ठेवतात : चार अंश असेल तर दहा दिवस, आठ अंश असेल तर पाच. मग मांस कापून सारखे ढीग लावतात. एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो, दुसरा एका ढिगावर बोट ठेवून ‘हा कोणाचा?’ असे विचारतो, आणि पाठमोरा माणूस नाव घेतो. आमच्या गावात जत्रेनंतर बकऱ्याचे वाटे घालतात, त्या वाट्यांचीच ही पद्धत, फक्त इथे तक्रार करायला जागा ठेवलेली नाही. बार ज्यांनी केला त्यांना ढीग मोठा मिळत नाही, हे मला फार आवडले.

औलूजवळ, फिनलंड

मी शाकाहारी आहे आणि शाकाहारीच राहिलो आहे, तरीही लिहितो, कारण धागाकर्त्यांनी बंदूक नसलेल्यांनाही बोलावले आहे. आमच्या गावातल्या शिकार मंडळात माझा मित्र सभासद आहे. एका शनिवारी हाकेकऱ्यांची माणसे कमी पडत होती म्हणून त्याने मला नेले. अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी, आणि दोन्ही बाजूंचा माणूस जेमतेम दिसेल एवढे अंतर ठेवून रांगेने चालायचे. ओरडायचे फारसे नसते. झाडाच्या बुंध्यावर काठी मारत आणि अधूनमधून आवाज देत सरळ रेषा राखणे, हेच अवघड काम. खाली पाणी साचलेले, वर पडलेली झाडे, आणि रेषा वाकली की मूस त्या फटीतून मागे निसटतो. त्या दिवशी तो निसटलाही, आणि कोणी कोणाला बोल लावला नाही.

मला अधिक लक्षात राहिली ती हंगामानंतरची मेजवानी. तिला येथे ‘हिरविपेयाइसेत’ म्हणतात, आणि ज्यांच्या जमिनीवर शिकार झाली त्या सर्व मालकांना व गावकऱ्यांना मंडळ जेवायला घालते. मोठ्या पातेल्यांतून मूसचे सूप वाढले जात होते. मी राय धान्याचा पाव, बटाटे आणि लोणी यांवर समाधान मानले. एका आजींनी मला विचारले की मांस खायचे नव्हते तर चिखलात कशाला आलास, आणि मी उत्तर देण्याआधीच माझ्या मित्राने सांगून टाकले की ह्याची रेषा सगळ्यांत सरळ होती.

सिअ‍ॅटलहून अलास्का

वरचे दोन्ही अनुभव घराजवळचे आहेत. आमचा प्रवास छोट्या विमानाने नदीकाठच्या वाळूवर उतरण्यापासून सुरू झाला, आणि तो कागदपत्रांमुळे थोडा वेगळा ठरला. अलास्काबाहेरच्या अमेरिकन नागरिकाला मूससाठी मार्गदर्शक घ्यावा लागत नाही, तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि पहाडी बकरा यांच्यासाठी घ्यावा लागतो. अमेरिकेचा कायमचा रहिवासी नसलेल्या परदेशी नागरिकाला मात्र कोणत्याही मोठ्या जनावरासाठी तो लागतो. माझा पासपोर्ट भारतीय, दोन्ही मित्र अमेरिकन. म्हणून त्यांनी परवाने घेतले आणि मी हमाल म्हणून गेलो. हा शब्द मी विनोदाने वापरत नाही, हे पुढे दिसेल.

विमानातून उतरलेल्या दिवशी शिकार करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच परवानगी असते, कारण एरवी लोक वरून जनावर हेरून शेजारीच उतरले असते. त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही तंबू ठोकला आणि नदीपलीकडच्या विलोच्या झुडपांकडे दुर्बिणी लावून बसलो. सप्टेंबरचा उत्तरार्ध म्हणजे माजाचा काळ. एक मित्र मादीचा लांबलचक, कण्हल्यासारखा आवाज काढत असे आणि दुसरा खांद्याचे वाळलेले हाड झुडपावर घासत असे, म्हणजे दूरच्या नराला वाटावे की कोणी प्रतिस्पर्धी शिंगे घासतो आहे. मग तासभर काही करायचे नाही. हे तासभर काही न करणे आम्हा संगणकवाल्यांना फार जड गेले.

एका सकाळी नर आला, अगदी आमच्याच दिशेने, डोके डावीकडे-उजवीकडे झुलवत. आमच्या भागात बाहेरच्यांसाठी नियम असा होता की शिंगांची रुंदी किमान ५० इंच हवी, किंवा कपाळाजवळच्या फाट्यांची संख्या एका बाजूला तरी चार हवी. नर समोर उभा, मित्राचे बोट घोड्याजवळ, आणि आम्ही तिघे कुजबुजत फाटे मोजत होतो. एका बाजूला तीन नक्की, चौथा आहे की पानाआडची सावली आहे ते कळेना. रुंदी पन्नासच्या आसपास, पण ‘आसपास’ चालत नाही. मित्राने बंदूक खाली घेतली. त्या क्षणी मला त्याचा राग आला होता, हे मान्य केले पाहिजे. आता मात्र संपूर्ण सफरीत मला त्याच्याविषयी सर्वाधिक आदर वाटतो तो त्या क्षणासाठीच.

नंतर दुसरा नर मिळाला, ज्याच्याविषयी शंका घ्यायला जागाच नव्हती, आणि तो छावणीपासून बराच लांब, दलदलीच्या पलीकडे पडला. अलास्कात खाण्याजोगे सारे मांस बाहेर काढणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि मांस निघाल्याशिवाय शिंगे हलवता येत नाहीत. म्हणजे शोभेची वस्तू सर्वांत शेवटी. मागचा एक पाय हाडासकट पन्नास किलोंच्या वर भरतो. तो पाठीवरच्या चौकटीला बांधून गुडघाभर शेवाळात चालताना प्रत्येक पाऊल आधी रोवावे आणि मग उपसावे लागते. आम्ही सतत मोठ्याने बोलत होतो, कारण ताज्या मांसाच्या वासाने ग्रिझली अस्वले येतात आणि त्यांना अचानक गाठणे कोणालाच परवडत नाही. मांस हवेशीर कापडी पिशव्यांत भरून, छावणीपासून दूर, आडव्या दांडक्यावर सावलीत टांगले. माझ्या मराठी गप्पा त्या दोघांना कळत नव्हत्या, पण अस्वलांसाठी त्या पुरेशा होत्या.

सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंड

आमच्या बेटावर मूस मुळात नव्हतेच. १९०४ साली न्यू ब्रन्सविकमधून दोन नर आणि दोन माद्या आणून हाउली येथे सोडल्या. लांडगे १९३० च्या सुमारास नाहीसे झाले होते, त्यामुळे संख्या वाढत वाढत १९९० च्या दशकात लाखाच्या पलीकडे गेली. कोवळी झाडे इतकी खाल्ली जाऊ लागली की २०११ पासून ग्रोस मॉर्न राष्ट्रीय उद्यानातही शिकारीला परवानगी द्यावी लागली. त्यामुळे इथल्या माणसाला मूसविषयी भक्तिभाव नाही. रात्री गाडी चालवताना तो त्याला घाबरतो आणि हिवाळ्यात तो त्याला खातो.

मी घरमालकांच्या आग्रहावरून त्यांच्या मित्रांबरोबर गेलो होतो. धुके एवढे दाट होते की सकाळभर आम्ही एका केबिनमध्ये चहा पीत बसलो आणि मी ऐकत राहिलो. दुपारी धुके उठले, मूस अगदी जवळच उभा होता, आणि सगळे इतक्या लवकर उरकले की सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे आहे ते नंतरचे स्वयंपाकघर : मांसाचे तुकडे, डुकराच्या खारवलेल्या चरबीचा एक तुकडा आणि कांदा काचेच्या बरण्यांत भरून त्या बरण्या तासन्‌तास उकळतात. घरमालकीणबाईंनी प्रत्येक बरणीवर वर्ष लिहिले आणि शिकारीला न आलेल्या, आता जंगलात चालणे न जमणाऱ्या शेजाऱ्यांच्या बरण्या आधी बाजूला काढल्या.

मेन, अमेरिका

आमच्याकडे परवाना सोडतीने मिळतो, आणि कित्येक जण वर्षानुवर्षे अर्ज करत राहतात. सोडत ज्याला लागते तो आणखी एका माणसाला आपल्या परवान्यावर घेऊ शकतो, पण मूस दोघांत मिळून एकच. माझ्या सहकाऱ्याने मला घेतले, यापेक्षा मोठा मान मला या देशात मिळालेला नाही. आम्हाला एक तरुण मादी मिळाली. नोंदणी केंद्रावर वय ठरवण्यासाठी तिचा दात काढला आणि कातडीवरच्या गोचिडी मोजल्या. हिवाळी गोचिडी एका मूसवर हजारोंनी असतात. हिवाळा उशिरा आला की त्या जास्त वाढतात आणि वसंतापर्यंत पिल्ले रक्त कमी होऊन मरतात. तिथल्या जीवशास्त्रज्ञ बाईंनी आम्हाला ते केस बाजूला सारून दाखवले. त्यानंतर परवान्यांच्या संख्येवरून भांडणारी माणसे मला जरा कमी पटू लागली.

ऑटवा, कॅनडा

मी शिकारीला गेलेले नाही. पण आमच्या यजमानांच्या मित्रमंडळींकडून दरवर्षी मांस येते आणि ते शिजवण्याची जबाबदारी माझ्यावर पडते, म्हणून थोडे लिहिते. ओंटारियोत रानटी जनावराचे मांस विकता येत नाही, भेट देता येते, त्यामुळे ते खायचे तर मित्र लागतातच. या मांसात चरबी जवळजवळ नसते. मटणाच्या वेळेने शिजवले तर ते कोरडे पडते. मांड्यांच्या मोठ्या तुकड्यांना आले, लसूण आणि दही लावून ते रात्रभर ठेवावेत आणि मंद आचेवर झाकून शिजवावेत. खिम्याला थोडी बकऱ्याची चरबी मिसळली तर तो छान होतो, आणि आमच्या घरी कांदा-लसूण मसाल्यातला तो खिमा पाव घेऊन खायला तेच शिकारी मित्र पुन्हा येतात. कलेजीचा मोह मात्र आवरावा. मूसच्या यकृतात आणि मूत्रपिंडात कॅडमियम हा विषारी धातू साठतो, आणि फिनलंडमध्ये तर एक वर्षाहून मोठ्या मूसचे हे अवयव खाऊ नयेत असा अधिकृत सल्ला आहे. औलूच्या शाकाहारी बंधूंना हा परिच्छेद निरुपयोगी आहे, त्याबद्दल क्षमस्व. पण येम्टलांडकरांनी त्यांच्याकडे हृदय आणि जीभ कशी करतात ते जरूर लिहावे, कारण या वर्षी ती दोन्ही आमच्या फ्रीझरमध्ये आहेत.