वाढीव मावेजाच्या व्याजावर कर लागतो का? वकिलाचं लेखी मत घ्यायचंय, मदत हवी

आमची अंबड तालुक्यातली जमीन नव्वदच्या दशकात साठवण तलावात गेली, 1894 च्या जुन्या भूसंपादन कायद्याखाली. वाढीव मावेजाचा निकाल आता लागला. वडील आणि दोन चुलते, तिघांचा हिस्सा. पण सगळी रक्कम वडिलांच्या खात्यावर आली आणि व्याजावरचा 10 टक्के टीडीएसही त्यांच्याच पॅनवर कापला. त्या कायद्याच्या कलम 28 चं, म्हणजे कोर्टानं वाढवलेल्या रकमेवरचं, व्याज पहिल्या वर्षी 9 आणि पुढं 15 टक्के, त्यामुळं मुद्दलापेक्षा व्याजच मोठं.

जमिनीच्या पैशाचा प्रश्न नाही. कोणत्याही नगरपालिकेपासून गाव 8 किलोमीटरच्या बाहेर आहे, म्हणून ग्रामीण शेतजमीन, तिच्यावर कर नाही. घोडं पेंड खातंय ते व्याजापाशी. एक सीए म्हणतात, सुप्रीम कोर्टाचा 2009 चा घनश्याम निकाल आहे, कलम 28 चं व्याज म्हणजे मावेजाच, टीडीएस परत मागा. दुसरे म्हणतात, 2010 पासून आयकर कायदा बदललाय. व्याज ज्या वर्षी हातात पडलं त्या वर्षीचं उत्पन्न, निम्मी वजावट घ्या, उरलेल्यावर कर भरा. लिहून द्या म्हटलं की दोघंही चहा मागवतात.

म्हणून संभाजीनगरला आयकराच्या वकिलाकडून लेखी मत घ्यायचं म्हणतोय. कागद कोणते न्यायचे? तिघांचं मिळून एकच घ्यावं का? उद्या नोटीस आली तर त्याचा उपयोग होतो का? वडिलांचं एकच, "कोर्टानं दिलेल्या पैशाला कसला कर?"

प्रतिसाद

दादा, ते मत आयकर खात्यावर बंधनकारक नसतं. कर निघालाच तर भरावा लागतो. कामाला येतं दंडाच्या वेळी: सगळं उघड सांगून, प्रामाणिक समजुतीनं विवरणपत्र भरलं हे दाखवता येतं. मात्र वकिलापासून काही लपवलं असेल तर तो कागद फुकट.

भूसंपादन अधिकाऱ्याचा मूळ निवाडा, कोर्टाचं निकालपत्र, जुना सातबारा, फेरफार, 26एएस (पॅनवर कापलेल्या कराचा उतारा) न्या. सगळ्यात महत्त्वाचा रकमेचा तक्ता. त्यात कलम 28 आणि कलम 34 चं (ताबा घेतल्यावर मूळ मावेजा उशिरा दिल्याचं) व्याज वेगळं दाखवलेलं हवं; नसेल तर आधी ते करून घ्या.

प्रश्न लेखी द्या. पंजाब-हरियाणा हायकोर्टानं असं व्याज करपात्र धरलंय, ते असताना तुमचं मत काय, असं थेट विचारा. विरोधातल्या निकालांचं नाव न घेणारं मत घेऊ नका. फी आधीच ठरवा.

मत एकत्र चालेल, विवरणपत्रं तिघांची वेगळी. चुलत्यांच्या हिश्श्याचा टीडीएस त्यांच्या पॅनवर वळवायला कापणाऱ्या कार्यालयाला घोषणापत्र द्यावं लागेल.

आणि सरकार हायकोर्टात अपिलात गेलंय का? ते तुम्ही लिहिलंच नाही.