रस्त्यावर पडलेली तार: भरपाई वितरण कंपनीच्या नफ्यातून की आपल्या बिलातून?

पूर्वभागकर: सोलापुरात अशोक चौक, साखर पेठ, विडी घरकुल, कुठंही वर बघा, उघड्या तारा आणि त्यांना टेकलेल्या गॅलऱ्या. माझं म्हणणं एवढंच की तार तुटून कुणी दगावलं तर भरपाई कंपनीनं द्यावी आणि ती दरवाढीत घुसडू देऊ नये. रस्त्यावरच्या तारेनं झालेल्या मृत्यूबद्दलच्या २००२ च्या शैल कुमारी खटल्यात मध्य प्रदेश वीज मंडळ म्हणालं, कुणीतरी चोरून आकडा टाकला होता. सर्वोच्च न्यायालयानं ऐकलं नाही. धोक्याचा धंदा करणाऱ्यावर जबाबदारी राहतेच, निष्काळजीपणा सिद्ध होवो न होवो.

टॉवेलवाला: सरकारी कंपनीचा कसला नफा? फिरून पैसा आपलाच. आणि तार आधी होती, गॅलरी नंतर आली. लघुदाब (घरगुती दाबाच्या) तारेपासून इमारत आडवी १.२ मीटर आणि उभी २.५ मीटर लांब हवी. हे अंतर खाल्लं कुणी? घरमालकानं. वर फ्यूज असतोच की.

जुना लाइनमन: फ्यूजच्या भरवशावर राहू नका, मालक. २०० केव्हीएच्या डीपीला (चौकातल्या ट्रान्सफॉर्मरला) पूर्ण भाराला फेजमागे सुमारे २७८ अँपिअर जातात. तार कोरड्या मुरमावर पडली आणि जमिनीचा रोध २० ओहम धरला, तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. एका मोठ्या गिझरएवढा भार! फ्यूज उडणार कशाला? त्यात किटकॅटमध्ये (फ्यूजच्या खाचेत) जाड तार पिळलेली असली तर विषयच संपला. घरातला ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा आरसीसीबीही इथं कामाचा नाही, तो मीटरच्या आधीचं, खांबाकडचं काही बघत नाही.

तार तुटते झोलामुळं, म्हणजे ती सैल लोंबल्यामुळं. वाऱ्यात फेजच्या तारा एकमेकांवर आपटतात, ठिणग्यांनी ॲल्युमिनियमचे पदर एकेक जळतात. नुसता पिळून केलेला जम्परही (दोन तारांमधला जोडतुकडा) तापून तिथंच तुटतो. दोन खांबांमधल्या गाळ्याच्या मध्यात स्पेसर (तारा वेगळ्या ठेवणारी पट्टी) बसवला आणि झोल ओढून घेतला तर पुष्कळ टळतं. तो खर्च फार नाही.

पूर्वभागकर: गॅलरीचं उत्तर वीज कायदा २००३ च्या कलम ६८(५) मध्ये आहे. तारेनंतर उभं राहिलेलं बांधकाम वीज वाहून नेण्यात अडथळा ठरत असेल किंवा ठरण्याची शक्यता असेल तर कंपनी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून ते हटवून घेऊ शकते. अर्जच केला नाही, तर दोष एकट्या घरमालकाचा कसा?

टॉवेलवाला: अर्ज केला की नगरसेवकाचा फोन येतो, हेही लिहा. मी म्हणतो एबी केबल (वरून आवरण असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारा) टाका, आकडेही थांबतील. केंद्राच्या २०२१ च्या आरडीएसएस या वीज वितरण सुधारणेच्या योजनेत पैसा ठेवला होता.

जुना लाइनमन: केबल चांगलीच, पण जोडणी आवरणात टोचून बसणाऱ्या कनेक्टरनंच हवी. कातडं सोलून तार गुंडाळली आणि वर टेप मारला की पहिल्या पावसात पाणी शिरतं, जोड जळतो. न्यूट्रलचा जोड गेला तर आणखी वाईट, एखाद्या घरात २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट येतात. म्हणून ठेक्यात केबलच्या लांबीवर, मीटरमागे दर लावता, तसा कनेक्टरच्या नगावरही लावा आणि नग मोजूनच बिल पास करा.

टॉवेलवाला: हे पटलं. भरपाई दरात नको, हे अजून पटलेलं नाही.