मदत हवी: साइटचं डिझेल आणि चुलीचं जळण एकाच हिशोबात कसं धरायचं?

नमस्कार मंडळी,

एका बांधकामावर इंधन आणि उत्सर्जनाची नोंद ठेवायचं काम माझ्याकडे आलंय. साइटवर पोकलेन, मिक्सर, जनरेटर. शेजारी मजुरांच्या खोल्या. काहींकडे गॅस, बाकीच्यांकडे चूल.

डिझेलचं जमतंय. टाकी फुल करायची, काम संपल्यावर पुन्हा फुल करायची, जेवढं मावलं तेवढं जळलं. लिटरला साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतो. फक्त पोकलेन इंजिन चालू ठेवून नुसतं उभं असलं तरी अवर मीटर (इंजिनाचे तास मोजणारा) पळतो, त्यामुळे तासाचा खप रोज वेगळा येतो. मशीन बंद ठेवा म्हटलं तर 'मग लवकर स्टार्ट होत नाही' हे उत्तर. (सगळ्या ऑपरेटरांना ते तोंडपाठ असावं!)

गॅसचा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला की झालं, किलोमागे ३ किलोच्या आसपास. गाडी अडलीय ती लाकडावर. मोळी तोलून दिली, दुसऱ्या दिवशी उरलेली तोलली, पण मधल्या वेळात सेंट्रिंगच्या फळ्याही चुलीत गेलेल्या. त्यात ओलं लाकूड जड भरतं. आणि काही जण लाकडाचा कार्बन शून्य धरतात, काही जण पूर्ण. नक्की काय धरू?

प्रतिसाद १
लाकूड फोडून आतल्या बाजूला ओलावा मीटर लावा, वरची साल फसवते. बहुतेक मीटर कोरड्या वजनावर टक्के दाखवतात, म्हणजे पाणी कोरड्या लाकडाच्या किती टक्के ते, एकूण वजनाच्या नव्हे. म्हणजे २५ टक्के दिसले तर १० किलोत कोरडं लाकूड ८ किलो, साडेसात नव्हे. किमान तीन दिवस सलग तोला आणि रोज किती जण जेवले तेही लिहा. लहान मूल अर्धं धरतात. फळ्यांचा ढीग वेगळा तोला, प्लायवूड असेल तर तसं नोंदवा, त्यात डिंक असतो.

प्रतिसाद २
शून्य की पूर्ण, हे तोडलेलं लाकूड पुन्हा उगवून तो कार्बन परत शोषतं का यावर ठरतं. पण उगवलं तरी धुरातला मिथेन आणि काजळी शून्य होत नाही, त्यांना वेगळा रकाना द्या. पोकलेनसाठी तास सोडा, किती घनमीटर माती उचलली त्यावर लिटर काढा. नव्या मशीनच्या स्क्रीनवर उभ्या इंजिनाचे तास वेगळे दिसतात, तेही बघा.

धागाकर्ता
आभार! घनमीटर डंपरच्या खेपांवरून काढले तर चालेल का? उकरल्यावर माती फुगते, ती वजावट कशी करता?