१८ फूट (सोसायटी ग्रुप, ए + बी विंग)

माने वहिनी बी-१०१ (सकाळी ७:१२): शिंदे साहेब, बोर्डावरची नोटीस आत्ता वाचली. 'दिव्यांग गौरव सोहळा, रविवार २६ जुलै. दोन व्हीलचेअर वाटप. प्रत्येक फ्लॅट ५०० रु.' इथपर्यंत ठीक. खाली 'सोसायटीची दिव्यांग कन्या कु. सई हिचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार' हे कुणाला विचारून घातलं?

सेक्रेटरी शिंदे: सुप्रभात 🙏 वहिनी, सरप्राईज होतं. भावना चांगली आहे.

माने वहिनी: सरप्राईज नोटीस बोर्डावर लावतात होय?

सुभेदार जाधव ए-३०१: २६ जुलैला कारगिल विजय दिवस असतो. त्याची आठवण कुणालाच नाही. छान.

सेक्रेटरी शिंदे: साहेब, तोही करू. माझा पुतण्या तिकडं अमेरिकेत असतो. २६ जुलै १९९० ला तिथं अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला, म्हणून जुलै महिना डिसॅबिलिटी प्राइडचा. त्यानंच सुचवलं.

पवार ए-२०४: प्राइड म्हणजे ते सप्तरंगी झेंड्यावालं? आपल्याकडं कशाला उगं 😄

अमोल बी-३०३: ते वेगळं ओ पवार. यांचा झेंडा काळपट, मधनं पाच तिरके पट्टे.

कुलकर्णी काका ए-१०३: रॅम्पचा उतार १:१२ लागतो, म्हणजे १ इंच उंचीला १२ इंच लांबी. बी विंगच्या पायऱ्या ३, प्रत्येकी ६ इंच, एकूण १८ इंच. म्हणजे रॅम्प १८ फूट. हे मी २०१८ च्या वार्षिक सभेत लेखी दिले आहे.

शोभा काकू ए-२०१: अगं बाई, १८ फूट? आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी काल तर १४ म्हणत होते. एवढं चढलं का रात्रीत?

अमोल: काकू, पाणी नाही. रॅम्प.

शोभा काकू: हुश्श. मी गॅस सिलेंडर वर न्यायला सांगितला होता ह्यांना.

पवार: इशारा ४० ला असतो काकू. निवांत झोपा.

माने वहिनी: विषय बदलू नका. चार वर्षं व्हीलचेअर वाटताय. फोटो या ग्रुपवर येतात, सई बघते. आणि तिला स्वतःच्या दारातल्या तीन पायऱ्या उतरायला वॉचमन लागतो. तो जेवायला गेला की ही लिफ्टपाशी बसून राहते.

सेक्रेटरी शिंदे: वहिनी, रॅम्पचा ठराव झाला होता. २०१९ ला पूर आला, पैसे मोटर आणि मीटर रूमला गेले. हे सगळ्यांना माहीत आहे.

माने वहिनी: हो. त्याच पुरात सईला प्लास्टिकच्या खुर्चीत घालून चौघांनी बोटीपर्यंत नेलं, हेही सगळ्यांना माहीत आहे. उपकार आहेत. पण पूर जाऊन किती वर्षं झाली?

पवार: त्या चौघांत मी होतो. माझी पाठ अजून धरते. बोलून दाखवत नाही एवढंच.

अमोल: आत्ता दाखवलंतच की.

पवार: तू त्या वेळी पुण्यात होतास. गप बस.

सुभेदार जाधव: भांडू नका. फॉरवर्ड करतोय, वाचा. मुरलीकांत पेटकर, आपल्या पेठचे. सैन्यात. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण, भारताचं पहिलं. २०१८ ला पद्मश्री. इच्छाशक्ती लागते!

सेक्रेटरी शिंदे: 🙏🙏 आणि आटपाडीकडचे सचिन खिलारी, पॅरिस २०२४, गोळाफेकीत रौप्य, १६.३२ मीटर. आपला सांगली जिल्हाच भारी. बॅनरवर दोघांचे फोटो घेऊया आणि मधे सईचा.

सई बी-१०१: नमस्कार. मी सई. माझ्यावर चर्चा चालू आहे म्हणून आले.
पेटकर काय, खिलारी काय, दोघांचा मलाही अभिमान आहे. पण मी गोळा फेकत नाही. मी घरून जीएसटीची रिटर्न भरते. पवार काका, तुमच्या दुकानाचीसुद्धा मीच भरते. सत्कार कशाबद्दल?

पवार: वेळेत भरते, हे मान्य.

शोभा काकू: बाळा, तू किती सोसतेस. आम्हाला कौतुक वाटतं गं.

सई: काकू, तुम्हाला अपंग म्हणायचं तर म्हणा, दिव्यांग म्हणायचं तर म्हणा, मला दोन्ही चालतं. तेवढं 'बिचारी' नको. आणि सोसायचं म्हणाल तर खुर्चीचं काही सोसावं लागत नाही, ती चांगली पळते. पायरीपाशी अडते.

कुलकर्णी काका: रॅम्पचा उतार १:१२ लागतो. बी विंगच्या पायऱ्या ३, प्रत्येकी ६ इंच, एकूण १८ इंच. म्हणजे रॅम्प १८ फूट.

सेक्रेटरी शिंदे: काका, वाचलं. मागं फॅब्रिकेशनवाल्यानं ६ फुटांचा दिला होता दर. स्वस्तात होता.

कुलकर्णी काका: ६ फुटांत १८ इंच म्हणजे १:४. त्यावरून बुलेट चढवा. व्हीलचेअर मागे उलटते. पाटबंधारे खात्यात ३१ वर्षे काढली आहेत, उतार मला शिकवू नका.

देशपांडे आजोबा बी-२०२: मीटिंगमध्ये काय ठरले? परवा मला काही ऐकू आले नाही.

अमोल: आजोबा, सत्काराच्या यादीत तुमचंही नाव घालायला पाहिजे. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, कमी ऐकू येणं त्यात आहे.

देशपांडे आजोबा: मी अपंग नाही. मशीन फक्त टीव्हीसाठी आहे.

सई: आजोबा, गणपतीच्या फोटोच्या वेळी तुम्ही मशीन काढून खिशात घातलंत. मी शेजारीच होते.

देशपांडे आजोबा: फोटोत बरे दिसत नाही.

सई: मग मी खुर्ची कुठल्या खिशात घालू?

(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.)

देशपांडे आजोबा: 😊 पुढच्या मीटिंगला माईक लावा. मी मशीन घालून येतो. फोटोलासुद्धा.

सेक्रेटरी शिंदे: मग सोहळा रद्द करायचा का? २४ पैकी १७ फ्लॅटचे ८,५०० जमलेत. दोन व्हीलचेअरची ऑर्डर द्यायची राहिलीय. उरलेल्या सात जणांची नावं मी इथं टाकत नाही.

पवार: टाका की. मी दिलेत.

सेक्रेटरी शिंदे: तुम्ही 'नंतर देतो' दिलेत.

सई: शिंदे काका, रद्द नका करू. ज्या वसतिगृहाला तुम्ही देणार आहात, तिथं मी मागच्या आठवड्यात फोन केला. त्यांच्या खोलीत नऊ खुर्च्या पडून आहेत. कुणाची ट्यूब गेलीय, कुणाचं पुढचं चाक. शिवाय सगळ्या एकाच मापाच्या. बारक्या पोराला मोठी खुर्ची दिली की पाय लोंबकळतात, पाठ वाकते. ते म्हणाले, दुरुस्ती करून द्या. आणि तिथल्या अंध मुलांना परीक्षेला लेखनिक हवे आहेत. त्यांना तासाला २० मिनिटं जादा मिळतात, पण लिहिणारा ऐनवेळी येत नाही.

शोभा काकू: लेखनिक म्हणजे मुलानं सांगायचं आणि आपण लिहायचं? मी येईन. माझं अक्षर चांगलं आहे.

अमोल: शुद्धलेखन बघून घ्या. नोटीसमध्ये 'दिव्यांग' तीन प्रकारे लिहिलंय. शिंदे साहेब बाद.

सेक्रेटरी शिंदे: टायपिंगची चूक होती ती.

कुलकर्णी काका: रॅम्पचा उतार १:१२ लागतो. बी विंगच्या पायऱ्या ३...

पवार: काका, पाठ झालं आता सोसायटीला. मला एवढंच सांगा, १८ फूट सरळ काढला तर माझी गाडी कुठं जाते?

कुलकर्णी काका: सरळ कोण काढतो? ९ फूट, मधे वळायला सपाट ५ फूट, परत ९ फूट. दोन्ही बाजूंना कठडा. तुमची गाडी ४ फूट मागे सरकेल.

पवार: मागं जाधव साहेबांची बुलेट आहे.

सुभेदार जाधव: बुलेट हलवतो. पण २६ ला सकाळी झेंडावंदन पाहिजे.

सेक्रेटरी शिंदे: २६ जुलैला झेंडावंदन नसतं साहेब.

सुभेदार जाधव: शहिदांना मानवंदना तरी? का त्यालाही ठराव पाहिजे?

सेक्रेटरी शिंदे: 🙏 मानवंदना होईल. रॅम्पचं मात्र विशेष सभेशिवाय...

माने वहिनी: २०१८ चा ठराव आहेच. परत सभा कशाला?

पवार: (हा मेसेज हटवला आहे)

अमोल: वाचला होता आम्ही 😄

सई: अमोलदादा, तू झेंड्याचं सांगितलंस ना. आधी त्याचे पट्टे नागमोडी होते. मोबाइलवर बघताना काही जणांना डोकेदुखी व्हायची, तसं त्यांनी कळवलं. मग २०२१ मध्ये पट्टे सरळ करून घेतले. बॅनर छापणारच असाल तर सरळवाला छापा. आणि माझा फोटो काढा त्यातनं.

शोभा काकू: शाल तरी घे गं. पावसात बरी.

सई: शाल घेते काकू. श्रीफळ पवार काकांना द्या, पाठीचे.

सेक्रेटरी शिंदे: बरं. आजची नोटीस बोर्डावरून उतरवतो. कुलकर्णी काका, माप घेऊन ठेवा, उद्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावतो. ५०० चं काय ते दुरुस्तीला धरू.

कुलकर्णी काका (सकाळी ९:४०): टेप घेऊन बी विंगखाली उभा आहे. पवार, गाडी.

पवार: आंघोळ करून येतो.

कुलकर्णी काका: आठ वर्षे थांबलो आहे. तेवढे थांबतो.

सई: काका, टेप तिरकी धरलीय. मला वरून दिसतंय.