मदत हवी आहे : श्रवणयंत्र लावून संकासुर करणाऱ्या भाच्यासाठी
नमस्कार मंडळी. माझा भाचा वेंगुर्ल्याकडे दशावतारात, म्हणजे आमच्या कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, संकासुर करतो; हे हसवणाऱ्या राक्षसाचं सोंग. लहानपणापासून ऐकू कमी येतं, दोन्ही कानांना यंत्रं आहेत. सूत्रधाराच्या ओठांवर नजर ठेवून मालवणीत असा जबाब देतो की लोक हसून लोळतात! नाटक संपल्यावर कानाचं यंत्र केसांखाली लपवणारी पोरं त्याला येऊन भेटतात, त्याचं मला फार अप्रूप वाटतं.

अडचण दमटपणाची. रात्रभर घाम, त्यात खारी हवा. कानामागच्या यंत्राच्या नळीत पाणी साठतं आणि ऐन प्रवेशात आवाज जातो. सिलिका जेलच्या डबीत ठेवतो, पण पुरत नाही. विजेवर चालणारा ड्रायर कुणी वापरलाय का? घाम अडवणारं कव्हर? पखवाज-झांजेच्या गजरात बोलणं स्पष्ट ऐकू यावं अशी यंत्राची सेटिंग करून देणारे ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) कुडाळ-सावंतवाडीकडे आहेत का? कार्तिकात जत्रा सुरू होतील, त्याआधी कळवा.