प्रति: कॉयरसाठी आवाज चांगलाच हवा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की आवाज साधा आहे म्हणून कॉयरमधे, म्हणजे चर्चमधे गाणाऱ्यांच्या गटात, जायला संकोच वाटतो, तर मी वसईचा, लहानपणापासून चर्चच्या कॉयरमधे गातोय, म्हणून सांगतो की नक्की जा. सोलो गाणारे एकदोनच असतात, बाकीच्यांचं खरं काम म्हणजे बाकावरच्या लोकांना गायला लावणं. आमच्या आजीआजोबांच्या पिढीत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमधे असायची, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक बिशपांची मोठी सभा, १९६२-६५) ती मराठीत आली आणि आता अख्खं चर्च गातं, त्यामुळे कॉयर थोडं कमी पडलं तरी लोक सांभाळून घेतात.

मला सगळ्यात जास्त मिळतं ते पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तेव्हापासूनच, आल्लेलुया (देवाच्या स्तुतीचा घोष) गायचंच नसतं, आणि पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत झालं की तर घंटाही बंद आणि आमच्याकडे कीबोर्डसुद्धा झाकून ठेवतात, मग शुक्रवारी नुसत्या गळ्यावर गायचं. तेव्हा शेजारच्याचा श्वास ऐकून आपला श्वास घ्यावा लागतो, आपला आवाज पुढे काढायची इच्छाच राहत नाही, आणि माझी खरी प्रार्थना तिथेच होते, एकट्याने गुडघे टेकून बसलं की मन दहा ठिकाणी पळतं पण गाताना नाही पळत. आणि शनिवारी रात्री पास्काच्या (ईस्टरच्या) विधीत इतक्या आठवड्यांनी आल्लेलुया येतो ना, माझ्या डोळ्यात दरवर्षी पाणी येतं!

एकच सांगतो, प्रॅक्टिस चुकवू नका, आणि गाण्याचे शब्द आधी घरी शांतपणे वाचून घ्या, अर्थ कळला की सूर बराच सोपा जातो.